लाल आकाश, ओझरची विमानं आणि शेणाचा खड्डा

गेल्या गुरुवारी नाशकात वळीव कोसळला आणि शुक्रवारी सकाळी आईने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. का, तर भिशीच्या ग्रुपवर "नाशिककरांनो सावधान" म्हणून मेसेज आला. त्यात काय काय आहे ते एकदा सांगून टाकतो. संध्याकाळी आकाश लाल-जांभळं झालं ते विमानातून केमिकल मारलं म्हणून, ढगांना लोंबलेल्या पिशव्या हा त्याचा पुरावा, असं आकाश दिसलं की ७२ तासांत भूकंप, खिशातला मोबाईल वीज ओढतो, पावसात रबरी चप्पल घालून झाडाखाली थांबावं, आणि वीज पडलेल्या माणसाला हात न लावता गळ्यापर्यंत शेणात पुरावं. खाली "दहा जणांना पाठवा" आहेच.

आईपुरतं होतं तोवर मी हसून सोडलं असतं. पण परवा निफाडहून मावशीचा फोन आला की गड्याकडून कांद्याच्या चाळीमागे खड्डा खणून घेतलाय, शेण पण टाकून ठेवलंय, बायका कांदा भरायला येतात ना, वेळ काही सांगून येते का. तेव्हा मात्र डोकं सटकलं.

आधी रंगाचं बघू. त्या दिवशी मी गच्चीवरच होतो. सातच्या सुमारास अंजनेरीच्या बाजूला ढगांची कड उचलली गेली आणि खालच्या फटीतून सूर्य आडवा आला. डोक्यावरचा अख्खा ढग खालून पेटल्यासारखा, आधी पिवळा, मग केशरी, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा, आणि गच्चीत साचलेल्या पाण्यात तेच सगळं उलटं. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू वाळत घातलेले कपडे गोळा करता करता तशाच थांबल्या, हातात चादर धरून. सूर्य क्षितिजावर असला की त्याच्या उजेडाला दुपारपेक्षा जवळजवळ चाळीसपट हवेतून यावं लागतं, त्यात निळा रंग वाटेतच इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत लाल-केशरी पोचतो. पावसाने धूळ धुतलेली असली की हेच रंग चोख दिसतात. वर उरलेला थोडा निळा त्यात मिसळला की जांभळं. बस, एवढंच आहे, कुणी काही मारलेलं नाही.

एक अर्धं खरं आहे, तेवढं देतो. हवेतल्या कणांनी आकाशाचा रंग बदलतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा हजारो किलोमीटर लांबच्या देशांतसुद्धा कितीतरी महिने संध्याकाळी लालभडक होत होत्या. पण त्याला अख्खा ज्वालामुखी लागला. आणि हो, ढगात विमानाने बीजं पेरून पाऊस वाढवायचे प्रयोग आपल्याकडे सोलापूरला झालेत, पण त्याने आकाश जांभळं होत नाही. नाशिकजवळ ओझरला विमानतळ आहे, तिथून विमानं उडणारच, नाहीतर काय बैलगाड्या उडतील? पिशव्यांना मॅमॅटस ढग म्हणतात, गडगडाटी ढगाचा वरचा भाग पसरतो त्याच्या खालच्या अंगाला त्या लोंबतात, दिसायला भीतीदायक आणि माझ्या मते वळवातलं सगळ्यात देखणं दृश्य.

भूकंप. अमुक तासांत भूकंप होणार हे जगात आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. आज बुधवार आहे, ७२ तास कधीच उलटले.

मोबाईल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला असेल तर भिंतीतल्या वायरमधून झटका येऊ शकतो, म्हणून तेवढा काढून ठेवा. रबरी चप्पल? जी वीज काही किलोमीटर हवा फोडत येते ती तुमच्या अर्ध्या इंचाच्या सोलला विचारून थांबणार आहे का. आणि झाडाखाली तर अजिबात नको, झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी मारते. कांद्याची चाळ पण चालत नाही, ती चारी बाजूंनी उघडी. पक्कं घर नाहीतर काचा लावलेली गाडी.

आता शेण. हे वाचून मला खरंच राग आला, कारण बाकीचं सगळं मूर्खपणा आहे आणि हे माणूस मारायचं काम आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्पष्ट सांगतं की वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. वीज सेकंदाच्या छोट्याशा भागात येऊन निघून जाते, शेणाने ओढून घ्यायला आत काही उरलेलंच नसतं. होतं काय, तर हृदय आणि श्वास बंद पडतो. हृदय कधी कधी आपणहून परत चालू होतं पण श्वास लगेच येत नाही, आणि श्वास नाही म्हणून थोड्या वेळाने हृदय पुन्हा थांबतं. वाचवायची वेळ असते ती हीच काही मिनिटं, आणि त्यात तुम्ही त्याच्या छातीवर पाट्या पाट्या शेण टाकत बसणार! १०८ ला फोन लावा, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. चारपाच जण एकदम पडले असतील तर आधी जो निपचित आहे त्याच्याकडे जा, जो कण्हतोय तो बहुतेक वाचतो. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, सरकारी आकडा आहे, त्यातली बरीचशी शेतावरची.

मावशीला फोनवर हे सगळं सांगितलं आणि दामिनी ॲप टाकून दिलं, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने बनवलंय, आपल्या आसपास वीज कुठे पडतेय ते त्यात दिसतं. ॲप नसलं तर आकडे मोजा. चमकलं की एक, दोन, तीन, आवाज येईपर्यंत. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा, तिसाच्या आत आवाज आला की काम टाकून घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

इथे आईचं कुलूप थोडंसं बरोबर निघतं, म्हणजे गडगडत असताना गच्ची वाईटच. मी त्या दिवशी अर्धा तास न थांबता पंधराव्या मिनिटालाच वर पळालो होतो, हे तिला सांगू नका. परवा मी तिला मुकाट्याने हे सगळं वाचून दाखवलं, तर किल्ली मिळाली, पण अट अशी की फोटो काढायला जाताना तिलाही हाक मारायची.

मावशी खड्डा बुजवत नाहीये. म्हणाली, "खणलाच आहे आता तर राहू दे, शेण पण पडलंय, पाचट टाकते वरून, खत तरी होईल."