सेन्सिटिव्हिटी कमी केली, अलार्म गप्प झाला. मग हरकत काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकता येत नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. घरातला चोर-अलार्म विनाकारण वाजतो त्यावर मी लिहिलं होतं, तेव्हा सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी करणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे, असं म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं: गुहागरचं घर वर्षातला बराच काळ बंद. पावसाळ्यात रात्री-अपरात्री सायरन, शेजारी वैतागलेले. तंत्रज्ञाने येऊन माजघरातल्या सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी केली आणि वाजणं थांबलं, तेव्हा माझा सल्ला पुस्तकी. शिवाय पालीमुळेही अलार्म वाजतो म्हणता, पण पाल थंड रक्ताची, ती उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरला दिसणारच कशी? आणि मुळात स्वस्तातली सिस्टिम घेतली की हे असं होणारच.

पालीचं आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यातूनच उलगडतं. तुमच्या माजघरात आहे तसा हालचाल ओळखणारा सेन्सर म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड). तो उष्णता मोजत नाही, उष्णतेतला बदल टिपतो. त्याच्या तोंडावरचं दुधी प्लास्टिक ही फ्रेनेल लेन्स. ती खोलीचे वेगवेगळे पट्टे पाडून एकेक पट्टा आतल्या छोट्याशा घटकावर आणते. त्या घटकाचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. खोली हळूहळू तापली तर दोन्हींवर सारखाच परिणाम होतो आणि तो आपसात फिटतो. काही हललं तर आधी एक भाग, मग दुसरा, असा झटका बसतो. हलणारी वस्तू मागच्या भिंतीपेक्षा गरम हवी असं काही नाही. थंड असली तरी झटका येतो, फक्त उलट्या दिशेने.

समोरच्या भिंतीवरून पळणारी पाल सेन्सरला जवळजवळ दिसत नाही, तिथे तुमचं बरोबर. पण तीच पाल लेन्सवर येऊन बसली की एकाच वेळी कितीतरी पट्टे झाकते. मुंग्यांचं त्याहून वाईट. वायर आत घालण्यासाठी पाडलेलं भोक कोणी बुजवत नाही, तिथून त्या आत शिरतात आणि थेट घटकावरून फिरतात. कोकणात कुंभारीण माशीही असलं भोक सोडत नाही. तुमच्या सेन्सरचं झाकण उघडलं होतं का, हे तंत्रज्ञाला एकदा विचाराच. भोक सिलिकॉनने बुजवायला पाच मिनिटं लागतात.

आता सेन्सिटिव्हिटी. माझा आक्षेप कशाला आहे ते नीट सांगतो. पीआयआरची सगळी भिस्त माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातल्या फरकावर. पावसाळी रात्री बंद घरातली भिंत समजा २५-२६ अंशांवर असते आणि माणसाची त्वचा ३३-३४ च्या आसपास. फरक भरपूर, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी कमी असली तरी माणूस सहज पकडला जातो. तंत्रज्ञाने चालून दाखवलं असेल, लाल दिवा लागला असेल, तुमचं समाधान झालं असेल. पण एप्रिलमधल्या किंवा ऑक्टोबरमधल्या दुपारी दारं-खिडक्या लावलेल्या त्याच घरात भिंती ३४-३५ पर्यंत जातात. माणूस आणि भिंत जवळपास एकाच तापमानाला येतात, आणि आधीच मंद पडलेल्या सेन्सरला तुम्ही आणखी मंद करून ठेवलेलं असतं. म्हणजे सिस्टिम सुरू आहे, दिवा हिरवा आहे, आणि माजघरातून कोणी आरामात चालत गेलं तरी तिला पत्ता नाही. अशा वेळी सायरन न वाजणं हेच मला काळजीचं वाटतं.

किमतीचा तुमचा मुद्दा इथे थोडा खरा ठरतो. चांगले सेन्सर खोलीचं तापमान शरीराच्या जवळ येऊ लागलं की आपली ताकद आपोआप वाढवतात. हे टेंपरेचर कॉम्पेन्सेशन साध्या सेन्सरांत नसतं किंवा नावापुरतं असतं. तेवढ्यासाठी जास्त पैसे जरूर मोजावेत. बाकी महागडा सेन्सरही खिडकीसमोर उन्हात लावला तर बोंबलणारच.

आणखी एक. बऱ्याच सेन्सरांत सेन्सिटिव्हिटी आणि पल्स काउंट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पल्स काउंट म्हणजे किती झटके आल्यावर बोंब मारायची. तो एकावरून दोनवर नेणं हे तुलनेने कमी धोक्याचं. तुमच्याकडे नेमकं काय बदललं, ते सेन्सरच्या आतला जंपर (सेटिंग बदलायची छोटी क्लिप) पाहूनच कळेल.

पण मला खरी शंका अशी की दोष सेन्सरचा नसावाच. फक्त पावसाळ्यात वाजतो म्हणता, तर आधी दाराकडे बघा. जुनं लाकडी दार पावसात फुगतं, चौकटीत पुरतं बसत नाही. बाहेरून कडी-कोयंडा आणि कुलूप असलं तरी ते थोडं ढिलं राहतं. समुद्रावरचा वारा सुटला की दार हलतं, दारावरचं चुंबक आणि चौकटीवरचा रीड स्विच (चुंबक जवळ असेतो जोडलेला राहणारा स्विच) यांच्यातलं अंतर वाढतं, पॅनेलला, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य पेटीला, वाटतं दार उघडलं. चुंबक-स्विचच्या अशा साध्या जोडीला, म्हणजे कॉन्टॅक्टला, एखाद-दोन सेंटिमीटर एवढीच सूट असते. रुंद अंतराचा कॉन्टॅक्ट बसवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. दुसरी जागा वायरचे जोड. पिळून वर टेप गुंडाळलेला जोड खाऱ्या दमट हवेत हिरवा पडतो, त्याचा रोध वाढतो, आणि झोन (पॅनेलला एका वायरीने जोडलेला सेन्सर किंवा सेन्सरांचा गट) मधूनच तुटल्यासारखा दिसतो. पाऊस सरला की तो सुकतो. मग "सेन्सिटिव्हिटी कमी केल्यापासून ठीक आहे" असं वाटायला लागतं!

तिसरी जागा बॅटरी. पॅनेलमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, कौलाखाली तापणाऱ्या माळ्यावर त्याहून कमी. ती संपलेली असली तर वीज जाताच सगळं मरतं, आणि वीज आली की सेन्सर नव्याने जागे होतात. त्यांना स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं, त्या गडबडीत सायरन वाजू शकतो. पाऊस, वीज जाणं आणि अलार्म एकाच रात्री आले तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा. पॅनेलचा वीजपुरवठा बंद करून बॅटरीला व्होल्टमीटर लावा. थोड्या वेळातच व्होल्टेज ११.५ च्या खाली घसरलं तर बॅटरी बदलायची, चर्चा नको.

कौलांतून शिरणारं मांजर किंवा वटवाघूळ असेल तर मात्र सेन्सर आपलं काम चोख करतोय, आणि उपाय गवंड्याकडे आहे. पाळीव प्राण्यांना चालणारा सेन्सर आणून भागत नाही. तो जमिनीवरच्या प्राण्याला माफ करतो, कपाटावर चढलेल्या मांजराला नाही.

शेजाऱ्यांचा त्रास मी हलक्यात घेत नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० च्या अखेरीस घरफोडीच्या नुसत्या अलार्मवर धावणं बंद केलं. आधी कोणीतरी प्रत्यक्ष खात्री करा, मगच आम्ही येऊ, असा नियम केला. आपल्या वाडीत धावणारा माणूस म्हणजे शेजारीच. चार रात्री फुकट उठवल्यावर पाचव्या रात्री तो कूस बदलून झोपला तर त्याला बोल लावता येत नाही. म्हणून कारण सापडेपर्यंत सायरन बंद ठेवायला माझी ना नाही. फक्त तो संशयित झोनपुरता आणि ठराविक दिवसांपुरता बंद ठेवा. बऱ्याच पॅनेलांत झोन असा चाचणीवर टाकता येतो की नोंद होते, पण आवाज होत नाही.

तेव्हा एवढं करा. सेन्सिटिव्हिटी पूर्ववत करून तो झोन दोन आठवडे चाचणीवर टाका. मग पॅनेलचा इव्हेंट लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदींची यादी) उघडून प्रत्येक नोंदीचा झोन क्रमांक आणि वेळ इथे लिहा. शेजाऱ्यांनी सांगितलेली वेळ नको, पॅनेलची हवी. आणि पॅनेलचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी बघा, बॅटरी मेलेल्या काही पॅनेलांत ते प्रत्येक वेळी शून्यावर जातं. वीज कधी गेली-आली तेही शेजारी टिपून ठेवतील तर फार बरं. नोंदी माजघराच्या पीआयआरच्या निघाल्या तर झाकण उघडून आतला फोटो टाका. दाराच्या झोनच्या निघाल्या तर तंत्रज्ञाला परत बोलवा, पण या वेळी सेन्सरला हात लावू देऊ नका.