रीडमीमधली एक ओळ

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या कार्यालयात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी व्हिडिओ प्लेअरचे एक ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेले) अ‍ॅप तयार केले आहे. मराठी सबटायटल्स संवादाशी अचूक जुळवणारे ते अ‍ॅप म्हणजे खरोखर नेटके काम आहे. एका अनोळखी योगदानकर्त्याने त्यात नवी सोय पाठवली होती: चित्रपटाचे नाव टाकले की टोरेंट (वापरणाऱ्यांनी एकमेकांना थेट फायली देण्याचा मार्ग) शोधून तिथेच चित्रपट सुरू व्हावा आणि ओटीटीवरून उतरवलेल्या फायलींचे डिजिटल कुलूपही निघावे. "सर, कोड चांगला आहे, टेस्ट पास होतात. मर्ज करू का, मूळ कोडमध्ये मिसळू का?" असे त्याने विचारले. रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल, तिच्यासाठी आलेली पहिली ओळ मी त्याला मोठ्याने वाचायला सांगितली: "आता सबस्क्रिप्शनची गरज नाही." वाचून तो गप्प झाला.

अशी एक ओळ कायद्याच्या तराजूत हजार ओळींच्या कोडपेक्षा जड भरते, असे माझे ठाम मत आहे. टोरेंटचे तंत्र स्वतः बेकायदेशीर नाही; लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या फायली त्याच मार्गाने येतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात सोनीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्या यंत्राचे वैध उपयोग पुरेसे होते. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने फाइल-शेअरिंगचे सॉफ्टवेअर देणाऱ्या ग्रॉक्स्टरला मात्र जबाबदार धरले, कारण उल्लंघनाला उत्तेजन देण्याचा हेतू कंपनीच्या जाहिरातींतून आणि अंतर्गत पत्रव्यवहारातून दिसत होता. आपला हेतू तर रीडमी, कमिटचे (कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचे) संदेश आणि इश्यूंवरची (वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरची) उत्तरे यांत तारखेसह, नावासह, सर्वांसमोर लिहिलेला असतो.

भारतीय कायदा याहून सौम्य आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याइतकेच त्याला साहाय्य करणाऱ्यालाही लागू होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. "आम्ही फुकट देतो" हे कारण शिक्षा कमी करण्यास उपयोगी पडू शकेल, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ उल्लंघनाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण, म्हणजे वरचे डिजिटल कुलूप, भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. वैध कारणासाठी ते भेदता येते, पण त्यासाठी दुसऱ्याला साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशीही अट त्यात आहे. कोणीही, कुठूनही, नाव न सांगता डाउनलोड करतो, अशा प्रकल्पाने ही नोंद ठेवायची कशी?

"लायसन्समध्ये हमी नाकारली आहे ना?" असे त्याने विचारले. ती ओळ वापरणाऱ्याच्या तक्रारीपुरती असते. ज्याचा हक्क बुडाला त्याने ते लायसन्स स्वीकारलेलेच नसते. युझू हा एम्युलेटर (निन्टेन्डोचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम) ओपन सोर्सच होता. निन्टेन्डोने फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा लावला आणि पुढच्याच महिन्यात २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून तो प्रकल्प बंद झाला. निदान तिथे उत्तर द्यायला कंपनी होती. इथे गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात तीन मुलांची नावे आणि ईमेल आहेत.

आणि हे सर्व कोल्हापुरात घडावे, याचे मला अधिक वाईट वाटते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपट उभा केला आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तिथे पडद्यामागच्या कष्टाची किंमत आपल्याला कोणी शिकवावी लागू नये.

त्या विद्यार्थ्याने ती पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) बंद केली आणि योगदानकर्त्याला कारणही सभ्यपणे लिहिले. मग मी टेस्टचे फोल्डर उघडायला सांगितले, कारण २०२० मध्ये व्हिडिओ उतरवणारे यूट्यूब-डीएल हे साधन गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून काही आठवडे हटले, तेव्हा तक्रारीत चाचणीसाठी वापरलेल्या गाण्यांच्या दुव्यांवरही बोट ठेवले होते. इथेही एका मराठी चित्रपटाचा दोन मिनिटांचा तुकडा निघाला. फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, म्हणून रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या कोडसाठ्याचा) इतिहास नव्याने लिहावा लागला. त्या कामात संध्याकाळ गेली. आता त्या जागी त्याने स्वतःच्या फोनवर घेतलेले रंकाळ्याचे चित्रण आहे.