नीट: दोन वर्षं एका दुपारवर

'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा विषय निघाला की नागपुरातली चर्चा पेपरफुटीपाशी येऊन थांबते. 2024 मध्ये 1563 जणांना दिलेले वाढीव गुण, फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट. राग रास्तच होता. पण पेपर उद्या कडेकोट बंदोबस्तात झाला, तरी अकरावी-बारावीची दोन वर्षं मे महिन्यातल्या एका दुपारवर पणाला लागणारच. जर्मनीतून बघताना मला तेच जास्त खुपतं.

180 प्रश्न, 180 मिनिटं. बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1. डोळे मिटून चार पर्यायांपैकी एक गोल काळा केला तरी सरासरी पाव गुण मिळतो. एक पर्याय बाद करता आला की तोच दोन-तृतीयांश होतो. मग धरमपेठेपासून नंदनवनपर्यंतच्या क्लासेसमध्ये पर्याय कसा उडवायचा, जीवशास्त्राचे 90 प्रश्न पाऊण तासात कसे संपवायचे, हेच शिकवलं जाणार. परीक्षा मागते तेच क्लासवाले विकतात.

यात काय सुटतं? बारावीचं साधं टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याचं प्रमाण मोजणं, घ्या: ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट. फ्लास्क 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचा, हे गोल काळे करायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर बरोबर येतं. पण थंड फ्लास्कमध्ये अभिक्रिया मंद चालते, पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो आणि अंत्यबिंदू, म्हणजे अभिक्रिया संपल्याची खूण, आला असं वाटतं. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं तर तपकिरी गाळ येतो. ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची मोजनळी, हातात घेतल्याशिवाय हे कळत नाही, आणि क्लास आणि कॉलेज एकत्र अशा 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली कॉलेजला फक्त नाव असलेल्या मुलांच्या हाती ब्युरेट येतच नाही. उद्या हीच मुलं नागपूरच्या मेडिकल-मेयो रुग्णालयांत रुग्णाला तपासणार आहेत.

जर्मनीत शाळेच्या शेवटची, आपल्या बारावीसारखी परीक्षा 'आबिटूर' 900 गुणांची असते. त्यातले 600 शेवटच्या दोन वर्षांच्या कामाचे, 300 अंतिम परीक्षेचे; त्यात किमान एक तोंडी. एक दिवस वाईट गेला म्हणून सगळं बुडत नाही. वैद्यकीयच्या 30 टक्के जागा आबिटूरवर भरतात. बाकीच्या वाटपात अभियोग्यता चाचणी, रुग्णसेवेचा अनुभव असे निकषही येतात.

म्हणून ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, दहाव्या वर्षी, मुलांची वाट ठरते. मजुराच्या मुलाला ते नीटपेक्षा जाचक आहे. गडचिरोलीच्या मुलीला नीटमुळे ना डोनेशन द्यावं लागतं ना वशिला लावावा लागतो. ते गमावून चालणार नाही.

पण नीट वर्षातून दोनदा घेऊन चांगला निकाल धरता येईल; इंजिनिअरिंग प्रवेशाची जेईई मेन तशीच होते. दोन वेगळ्या पेपरांचे गुण पर्सेंटाइलने जुळवावे लागतील, त्याचे वाद वाढतील, ते सोसावेत. बारावीच्या लेखी आणि प्रात्यक्षिकालाही प्रवेशात वजन हवं. अडचण खरी तिथेच आहे: प्रात्यक्षिकाचे 30 पैकी 28-29 गुण आपल्याकडे खिरापतीसारखे वाटले जातात. ते थांबवायला परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातला हवा, प्रयोग त्याच दिवशी चिठ्ठी काढून ठरायला हवा, ब्युरेटचं वाचन परीक्षकासमोर लिहून सही व्हायला हवी आणि पाच मिनिटांची तोंडी रेकॉर्ड व्हायला हवी.