‘ज्याचा रोग त्याचे पथ्य’ सांगणाऱ्या संदेशाविषयी

गेले काही आठवडे गोव्यातील फोंडा, डिचोली, म्हापसा या बाजूंच्या मराठी घरांतील व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्याने पथ्य पाळावे आणि चालायला जावे, त्याच्यासाठी वेगळे शिजवून द्यावे, पण सगळ्या घराला त्यात ओढू नये. हे रोग रक्तातूनच येतात, तेव्हा इतरांनी जिभेला लगाम घालून काही साधत नाही. आपले पूर्वज तीन वेळा भात, माशांची कढी आणि नारळ खाऊन नव्वदी गाठत. गुबगुबीत मुले वयात आली की आपोआप सडपातळ होतात. घरकाम करणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाची गरजच नसते. शेवटी ‘दहा कुटुंबांना पाठवा’ हे आहेच. मला तो चौघांकडून आला आणि त्यांतील दोन घरांत रोज सकाळी इन्सुलिन टोचले जाते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

रक्ताचा मुद्दा आधी घेतो. तो खोटा नाही, अर्धा आहे. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर मुलांना तो होण्याचा संभव वाढतो, यात वाद नाही. पण २०१४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा जोडीदाराला मधुमेह असलेल्या व्यक्तीचा धोका इतरांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी जास्त आढळला. नवरा-बायको एका रक्ताचे नसतात, एका चुलीचे असतात. ज्यांच्या रक्तातील साखर वाढू लागली होती पण मधुमेह झालेला नव्हता, अशा लोकांवर चेन्नईत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ आहार आणि चालणे यांत बदल केल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. रक्तातून आलेली गोष्ट जर अटळ असती, तर हे घडले नसते.

दुसरे असे, की ‘ज्याला झाला आहे त्याने’ हे शब्द गोव्यात वापरताना जरा थांबायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के होते आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. चार प्रौढांचे घर धरले तर सरासरीने त्यात एक मधुमेही निघतो, आणि ज्यांची साखर उंबरठ्यावर आहे ते यात मोजलेलेच नाहीत. देशभरात तसे आणखी १५.३ टक्के प्रौढ आहेत आणि त्यांतील बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते. पथ्य कुणाचे, हे ठरवायला घरातील प्रत्येकाचे रक्त तपासलेले तरी असले पाहिजे.

पूर्वजांचा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त पटतो, कारण त्यात आजीच्या हातची चव आहे. नव्वदी गाठलेले पणजोबा आपल्या आठवणीत राहतात, त्यांचा चाळिशीत गेलेला भाऊ मात्र भिंतीवरच्या तसबिरीतही नसतो. १९५१ च्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे धरले जात असे (गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता, त्यामुळे तो या हिशेबात नाही). त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता, म्हणून ते प्रौढांच्या आयुष्याचे माप नव्हे, हेही मान्य करतो. तरीही ‘सगळे नव्वदी गाठत’ या विधानाला त्याने काही टेकू मिळत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते नेमके काय खात आणि काय करीत. सकाळी उकड्या तांदळाची पेज असे, आणि साळ कवचासकट उकडली की कोंड्यातील ब गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्यात उतरतो, हे आता आहारशास्त्रही सांगते. ताटात तांबडी भाजी, अळसांदे (चवळीचा प्रकार), कुळीथ असत, मधून नाचण्याचे तिजन (गोडसर पेज) असे आणि मासा बहुधा हुमणात, म्हणजे नारळाच्या कढीत, शिजे. रव्यात घोळवून तेलात तळलेला तुकडा पाहुण्यारावळ्यांसाठी होता. ते पचवायला खाजन (खाडीकाठच्या बांधलेल्या) शेतातली चिखलणी आणि लावणी, कुळागराचे (पोफळीच्या बागेचे) शिंपण, विहिरीचे पाणी आणि बाजारापर्यंतची पायपीट होती. आज तांदूळ पांढरा आणि चकचकीत आहे, तळलेला मासा रोजचा आहे, पोदेर (पाववाला) सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी दारात भोंगा वाजवतो, आणि पोई (कोंड्याचा पाव) म्हणून मिळते ती अनेक ठिकाणी वरून कोंडा भुरभुरलेली मैद्याचीच असते. नाक्यावरच्या दुकानात, जे पाच मिनिटांवर आहे, आपण स्कूटरने जातो. नारळाबद्दल माझी तक्रार नाही. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते आणि तिचा बहुतेक भाग संपृक्त, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारा, असतो, तेव्हा चौघांच्या कढीला अर्धी कवड (पाव नारळ) वाटणे आणि दोन नारळांचा दाट रस ओतणे यांना एकच ‘परंपरा’ म्हणता येणार नाही.

आता ‘वेगळे शिजवून द्यावे’ या सूचनेकडे वळतो, कारण संदेशातील सर्वांत निरुपद्रवी वाटणारे आणि माझ्या मते सर्वांत नुकसान करणारे वाक्य तेच आहे. आमच्या घरी आईला मधुमेह निघाला तेव्हा आम्ही अगदी हेच केले. तिच्यासाठी एका लहान टोपात बिनखोबऱ्याची भाजी आणि दोन चपात्या, बाकीच्यांसाठी नेहमीचे हुमण, भात, तळलेले बांगडे. टेबलावर ती आपले निमूट खाई. पण स्वयंपाकघर आवरताना भांड्याच्या तळाशी उरलेला भात आणि कढी ‘टाकायची कशी’ म्हणून तीच संपवीत असे, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा भरणारी तीच असल्याने त्यातली मोडकी नेवरी तिच्याच वाट्याला येई. तिने कुणाला फसवले नाही, आम्हीच तिला पंगतीतून उठवून बाजूला बसवले होते, आणि वर दोन स्वयंपाकांचे श्रमही तिच्याच माथी मारले होते. वर्षभराने आम्ही लहान टोप बंद केला आणि मोठ्या टोपातील जिन्नस बदलले.

बदलले ते फार नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत भाज्या आणि फळे यांनी ताटाचा निम्मा भाग व्यापावा असे सांगितले आहे. आम्ही तेवढे एकच सूत्र धरले. सात शिरांची भेंडी, आगशीची वांगी, तेंडली, तांबडी भाजी यांचा वाटा वाढला, भात वाटीने वाढला जाऊ लागला, आणि मासा आठवड्यातून एकदाच तळायचा असे ठरले. तारल्या आणि बांगडे हे इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) स्वस्त आणि ओमेगा-३ या हितकर स्निग्धाने समृद्ध, त्यामुळे खर्च वाढण्याऐवजी थोडा कमीच झाला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पुढे श्रावण येतो, त्या दिवसांत उसळी आपसूकच वाढतात. तेलाचा हिशेब तर माणसागणिक करणे जवळजवळ अशक्यच आहे, तो बाटलीवर करायचा असतो: बैठे काम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरते, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन किलोंच्या वर खर्च होत असेल तर गडबड आहे.

मिठाचे तर विचारूच नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि आपल्याकडे पुरुमेंतातील (पावसाळ्याच्या साठवणीतील) सुके बांगडे, खारवलेली सुंगटे (कोळंबी), लोणची आणि पापड एकत्र आले की ही मर्यादा दुपारच्या जेवणातच ओलांडली जाते. एका भांड्यातल्या कढीत एकाच माणसापुरते मीठ कमी टाकता येत नाही.

एकाने बदल केला तर दुसऱ्यावर परिणाम होतो का, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेत १३० जोडप्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघांपैकी एकालाच वजन घटवण्याच्या कार्यक्रमात घेतले होते, तरी सहा महिन्यांत जवळपास एकतृतीयांश जोडीदारांचेही वजन ३ टक्के किंवा त्याहून अधिक घटले होते.

मुलांविषयीचा दावा मात्र सरळसरळ चुकीचा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की लठ्ठ मुलांपैकी सुमारे ५५ टक्के मुले पौगंडावस्थेतही लठ्ठ राहतात आणि लठ्ठ किशोरवयीनांपैकी सुमारे ८० टक्के प्रौढपणीही तसेच असतात. यावर एकट्या मुलाच्या हातातली वेफरची पिशवी हिसकावणे हा उपाय नव्हे. बाललठ्ठपणावर काम करणारे अमेरिकी संशोधक लिओनार्ड एपस्टाइन यांनी १९९० साली दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात आई-वडील आणि मूल या दोघांनाही बरोबर घेतलेल्या गटातील मुलांना दीर्घकाळ लाभ झालेला दिसला, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच मोठ्या चाचणीत तर ज्या भावंडांवर थेट काही उपचार केले नव्हते त्यांच्याही वजनात सुधारणा आढळली. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे धावपळ हवी. ती शिकवणीच्या दोन वर्गांच्या मधल्या स्कूटरच्या फेरीत होत नाही.

घरकामाच्या मुद्द्यावर संदेशलेखकाला थोडे गुण द्यावे लागतील. शारीरिक हालचालीत घरकामही धरले जाते, हे खरे आहे. पण प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगितली आहेत ती अशा हालचालीची, की जिच्यात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. ओट्यापाशी तीन तास उभे राहून पाय भरून येतात, दम लागत नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा, तो भांडी घासण्यात नाही. बाईला चालायला जायचे असेल तर त्या अर्ध्या तासात चहा कोण टाकणार, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर उरलेल्या घरानेच द्यायचे आहे.

एका बाबतीत मात्र सगळ्यांना एकच माप लावू नये, आणि हे संदेशात कुठेच नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने घरचा भात कमी झाला म्हणून डॉक्टरांना न विचारता आपलाही कमी केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दोन वर्षांखालच्या मुलाच्या आहारातील स्निग्ध पदार्थ कापायचे नसतात. ऐंशीच्या आजोबांना वजन घटवण्यापेक्षा पुरेशी प्रथिने मिळणे महत्त्वाचे आहे, म्हणून त्यांच्या पानात माशाचा तुकडा मोठा वाढावा. टोप एक, वाढणे निरनिराळे. चालण्याचेही तसेच: आई देवळाच्या पडवीत चार फेऱ्या घालते, पावसाळ्यात तेवढेच छप्पर मिळते, आणि नातवंडे तेवढ्या वेळात अंगणभर दहा फेऱ्या पळून येतात.