भेटायचे कोणाला?

परवाच्या शुक्रवारी सकाळी 9 वाजून 4 मिनिटांनी मी अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या गेटवर जांभळा होऊन उभा होतो. रागाने नव्हे, राग नंतर आला. मानेपासून घोट्यापर्यंत जांभळं थर्मल, त्यावर काळ्या पट्ट्यांची चड्डी (हो, वरून), कमरेला पुठ्ठ्याच्या कवटीचा पट्टा आणि डोळ्यांभोवती मुलीने फेसपेंटने रंगवून दिलेला काळा मुखवटा. इलॅस्टिकचा मुखवटा चष्म्यावर बसत नव्हता, म्हणून रंगवला. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ त्या चष्म्यात आहे.

कारण एका दमात सांगतो. यंदा पगारवाढ साडेतीन टक्के झाली. कँटीनमध्ये कुजबुज वाढली. म्हणून एचआरच्या मॅडमनी ‘सुपरहिरो डे’ काढला. मेल आला : आपण प्रत्येक जण या कंपनीचे सुपरहिरो आहात, तर शुक्रवारी त्याच वेशात या. त्याच आठवड्यात चेहरा बघून हजेरी लावणारं मशीनही गेटवर बसलं. त्याचाही मेल आला : चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. दोन्ही मेलखाली सही एकच.

आता कॉमिक्समधला वेताळच, म्हणजे फॅन्टमच का? कारण बाकीचे सगळे फॅन्सी ड्रेसवाल्याकडे भाड्याने मिळतात. आणि दुसरं म्हणजे पंचवटीत मामाच्या वाड्यात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्स, वरती डांबराच्या गोळ्या. दर मे महिन्यात मी त्या ट्रंकेत असायचो. ली फॉकने 1936 साली काढलेला हा माणूस मला सुपरमॅनपेक्षा जवळचा, कारण याला उडता येत नाही, भिंतीवर चढता येत नाही, आणि मुख्य म्हणजे याला नोकरी अनुकंपा तत्त्वावर लागलेली आहे. बाप गेला की पोरगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तोच जांभळा गणवेश चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं 400 वर्षं एकच माणूस आहे. प्रत्यक्षात आत्ताचा 21वा. इंटरव्ह्यू नाही, अप्रेझल नाही, रिटायरमेंट नाही. एमआयडीसीतल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

तर गेटवर मामा होते. हा मामा वेगळा, सिक्युरिटीचा. साठीला टेकलेले, दिंडोरीकडचे, आणि दोन्ही कान पैलवानी. म्हणजे तालमीत मोडून, सुजून, शेवटी तसेच वाळून गेलेले, जर्दाळूसारखे. कानटोपी त्या कानांवर कधीच नीट बसत नाही, म्हणून ती कायम टेबलावर.

“कोण पाहिजे?” मामा म्हणाले.

“मामा, मी. परचेसमधला.”

“आवाज वळखीचा वाटतोय,” ते म्हणाले आणि मशीनकडे बोट दाखवलं.

मी मशीनसमोर उभा राहिलो. मशीनमधली बाई म्हणाली, चेहरा जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. चष्मा काढला, पुन्हा प्रयत्न केला. पापण्या मिटल्या, उघडल्या. गुडघ्यात वाकलो. मागे दोन स्पायडरमॅन आणि एक हनुमान उभे होते, त्यांनी आपापले मुखवटे वर केले, हजेरी लावली, मुखवटे खाली केले आणि आत गेले. माझा मुखवटा कातडीवर होता. तो धुवायला नळ हवा. नळ आत.

“मामा, अकरा वर्षं येतोय मी. काल संध्याकाळी आपण चहा प्यायलो.”

“प्यायलो ना. पैसे तुम्ही दिले. बिस्किटं माझी होती.”

“मग सोडा ना आत!”

“साहेब, मी वळखतो तुम्हाला. पण वळखायचं काम आता माझ्याकडं नाही राहिलं. ते त्याच्याकडं दिलंय.” हे म्हणताना त्यांनी मशीनकडे असं पाहिलं, जसं शेजारच्या तालमीतल्या पोराने आपल्या आखाड्यात शड्डू ठोकावा. “आयकार्ड दाखवा.”

आयकार्ड पँटच्या खिशात होतं. पँट घरी होती.

इथे मला स्पायडरमॅन आठवला, आणि रागातही जरा बरं वाटलं. हा 1962 साली पहिल्यांदा आला तेव्हा कोळी चावल्याबरोबर लगेच काही लोककल्याण करायला धावला नव्हता. तो गेला कुस्तीला! क्रशर होगन नावाच्या पैलवानासमोर तीन मिनिटं टिकलं की 100 डॉलर, असं ते आव्हान होतं. म्हणजे सुपरहिरो आणि टीव्हीवरची कुस्ती हे दोन नाद मी उगाच एकत्र पोसत नाही, मुळातच ते एका रिंगणातले आहेत. पुढे 1963 साली त्याला करमणुकीच्या कार्यक्रमाचा चेक मिळाला, स्पायडरमॅन या नावाने. तो बँकेत गेला. कॅशियर म्हणाला, ओळखपत्र? हा म्हणाला, अहो, हा पोशाख बघा ना. तर कॅशियर म्हणाला, पोशाख काय, कोणीही घालेल. आपल्याकडच्या कुठल्याही बँकेत केवायसीला उभा राहिलेला माणूस हे पान वाचून रडेल.

मामांनी व्हिजिटर रजिस्टर उघडलं. पेनाला सुतळी बांधलेली.

“नाव?”

मी माझं नाव सांगितलं.

“ते नाही. मशीन म्हणतंय तुम्ही ते नाहीत. आत्ता जे आलेत त्यांचं सांगा.”

“वेताळ.”

“पूर्ण नाव.”

“किट वॉकर.” (खरंच आहे त्याचं हे नाव. मी नाही ठेवलं.)

“कुठून आले?”

“डेंकालीच्या जंगलातून.”

“ते कुठं आलं?”

“मामा, लिहा पंचवटी.”

त्यांनी सावकाश, एकेक वेलांटी सांभाळत पंचवटी लिहिलं. “भेटायचं कोणाला?”

“मलाच! आत माझी खुर्ची आहे, मी जाऊन तिच्यावर बसणार आहे.”

मामांनी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. अडनावासकट, न विचारता. मग म्हणाले, “त्यांना विचारावं लागंल,” आणि इंटरकॉमवर माझा नंबर फिरवला. खिडक्या उघड्या होत्या. पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलावरचा फोन वाजतोय हे आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू येत होतं. दहा रिंग झाल्या. मामांनी रिसीव्हर ठेवला.

“उचलत नाहीत. आले नसतील अजून. बसा.”

मी बाकावर बसलो. थर्मलने सिमेंटचा गारवा थेट आत पोचतो, ही माहिती कोणाला हवी असल्यास.

मामांची नजर पट्ट्यावर गेली. “टीव्हीवरचे ते पैलवान लावतात तसला का हो? सगळं खोटं असतं ना ते?”

हा प्रश्न मला वयाच्या तेराव्या वर्षापासून विचारला जातोय. टीव्हीवरच्या पैलवानांची ट्रम्प कार्ड खेळत असल्यापासून. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. बाकीच्या पोरांचं बालपण पाढ्यांत गेलं, माझं अंडरटेकरच्या दंडाच्या मापात. लोकांना वाटतं मला माहीत नाही. अहो, निकाल आधी ठरलेला असतो हे त्यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच 1989 साली न्यू जर्सीत सांगून टाकलंय, सरकारी नियमांची आणि कराची कटकट वाचावी म्हणून. पण 28 जून 1998 ला मिक फोली हा पैलवान 16 फुटी पिंजऱ्यावरून खाली टेबलावर आला तेव्हा गुरुत्वाकर्षणाला कोणी निकाल सांगून ठेवला नव्हता. जिंकणं खोटं असेल, पडणं खरं असतं. एवढं सगळं मी मामांना एका श्वासात ऐकवलं. 9 वाजून 20 मिनिटं झाली होती, लेट मार्क लागून गेला होता, आता घाई कसली?

मामा थोडा वेळ गप्प. मग कानाची पाळी चोळत म्हणाले, “मी पडलोय असा एकदा. जत्रेत.”

“म्हणजे?”

“सरपंचाच्या पोराबरोबर. 500 रुपये दिले होते. मला म्हणले पाच मिनिटं खेळव आन् चितपट हो.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू सरपंच अजून गेटबाहेर उभा आहे. “त्याला काय येत नव्हतं. ढाक मारायला आला तर हातच सुटायचा त्याचा. मीच त्याचा हात धरून माझ्या मानंवर ठेवला. मीच उचलल्यासारखा उचललो गेलो. पब्लिक येडं झालं. पोराला खांद्यावर घेऊन नाचले.”

“आणि तुम्ही?”

“मला नारळ.” मामा हसले. “पडायला पण यावं लागतं साहेब. उगंच पडलं तर लोक ढेकळं मारतात. जिंकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपणच जिंकलो. त्याला आजून वाटतंय.”

अमेरिकेत या कारागिराला जॉबर म्हणतात. समोरच्याला मोठा दाखवण्यासाठी हरणं हाच ज्याचा जॉब. तीस वर्षं मी हा खेळ बघतोय, जाडजाड पुस्तकं वाचलीत, आणि त्याची इतकी नेमकी व्याख्या मला मिळाली ती एका हवालदारी खुर्चीवरून, व्हिजिटर रजिस्टरच्या साक्षीने. मी पुढचा प्रश्न विचारणार, इतक्यात पांढरी गाडी आली, मामा ताडकन उठले आणि सॅल्यूट ठोकला.

काच खाली गेली. आत सुपरमॅन होता. आमचे साहेब. छातीवरचा एस पोटापर्यंत उतरलेला. मॅनेजरच्या वरच्या लोकांना मशीनला तोंड दाखवावं लागत नाही, त्यांची गाडी दिसली की पुरतं.

“हे कोण? जांभळं?”

“सर, मी. वेताळ.”

“विक्रमाच्या पाठीवरचा?”

“नाही सर. फॅन्टम.”

“फॅन्टम म्हणजे ती लहानपणीची सिगरेटची गोळी?” असं म्हणून ते स्वतःच हसले, ड्रायव्हर हसला, मामा हसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. अकरा वर्षांची सवय.

सुपरमॅनचा वेश मालकाच्या बाजूच्या माणसाने घालावा यासारखा विनोद नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी हा हिरो काढला आणि 1938 साली त्याचे सगळे हक्क कंपनीला 130 डॉलरला दिले. दोघांत मिळून! कंपनीने त्यावर इमले बांधले, हे दोघे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले, आणि 1975 साली बोभाटा झाल्यावर कुठे वर्षाला 20,000 डॉलरचं पेन्शन सुरू झालं. ते 130 डॉलर ज्या चेकमध्ये होते, तो चेक 2012 साली लिलावात 1,60,000 डॉलरला गेला. म्हणजे त्या चेकलासुद्धा त्यांच्यापेक्षा चांगलं इन्क्रिमेंट मिळालं.

माझं काय झालं तेही सांगतो, मनात ठेवून अॅसिडिटी होते. पुरवठादारांच्या दरांची तुलना करणारी एक एक्सेल शीट मी गेल्या दिवाळीत रात्री जागून बनवली. मार्चमध्ये साहेब म्हणाले, तुझं रेटिंग यंदा वरचं, बोलणं झालंय. एप्रिलमध्ये त्यांनी मला समोर बसवलं आणि माझीच शीट उघडून तिच्यातून दाखवलं की परचेसची बचत कशी कमी पडली. 9 नोव्हेंबर 1997 ला माँट्रियलमध्ये ब्रेट हार्ट या पैलवानाचं हेच झालं. शेवट काय होणार हे त्याच्याशी ठरलेलं होतं. शॉन मायकेल्सने त्याचाच शार्पशूटर डाव त्याच्यावर लावला, त्याने हार मानलीच नव्हती, आणि रिंगशेजारी उभ्या कुस्ती कंपनीच्या मालकाने घंटा वाजवायला लावली. फरक एवढाच की ब्रेट त्या मालकाच्या तोंडावर थुंकला. मी ‘थँक यू सर, नेक्स्ट इयर’ म्हणालो. मला नारळही मिळाला नाही. आणि वरचं रेटिंग ज्याला मिळालं त्याला मागच्या दोन वर्षांत एक्सेलमधला व्हीलुकअप मीच शिकवलाय, म्हणजे हात धरून मानेवर मीच ठेवलाय.

लोक म्हणतात कुस्तीचा निकाल ठरलेला असतो. ऑफिसात रेटिंग वाटायचा बेल कर्व्ह म्हणजे काय असतं मग? तिथे निदान हरणाऱ्याला आधी सांगतात.

जाऊ दे. साहेबांच्या कृपेने मी आत गेलो, पण गळ्यात ‘व्हिजिटर’चा पास अडकवून. कँटीनमध्ये मिसळीचं कूपन मागितलं तर पोरगा म्हणाला, पाहुण्यांना नाही. नाशकात राहून माणसाला मिसळ नाकारली जाते ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही. वेशभूषा स्पर्धेत पहिला नंबर सुपरमॅनचा आला, परीक्षक एचआरच्या मॅडम. दुपारी मी बेसिनवर तोंड घासून घासून धुतलं. शनिवारची रजा मागायला गेलो तर कळलं, माझ्या 21 रजा संपल्या, ही बाविसावी. अंडरटेकरही रेसलमेनिया या वार्षिक कुस्तीसोहळ्यात 21 वेळा जिंकला आणि 2014 साली बाविसाव्यालाच ब्रॉक लेस्नरने त्याला गाठलं. काही आकडे अपशकुनीच.

संध्याकाळी सहाला, थर्मलवर मित्राचा रेनकोट चढवून, मी मशीनसमोर उभा राहिलो. बाईने लगेच ओळखलं. नाव घेऊन धन्यवाद म्हणाली. आल्याची नोंद नाही, गेल्याची आहे. अशा माणसाला सिस्टिम दिवसभर गैरहजर धरते, हे मला दुसऱ्या दिवशीच्या मेलवरून समजलं. दुरुस्तीचा अर्ज केलाय. कारणांच्या यादीत ‘वेताळ’ नाही, म्हणून ‘इतर’ निवडलं. मंजुरी सुपरमॅनकडे पडून आहे.

बाहेर पडताना मामांनी हाक मारली.

“साहेब, सकाळी ते तुम्हाला भेटायला आलते ना, पंचवटीचे? भेटले का?”

“भेटले.”

“मग अजून बाहेर कसे नाही आले?” त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. किट वॉकर, आत येण्याची वेळ 9.38, बाहेर जाण्याची वेळ कोरी. “रात्रपाळीवाल्याला चार्ज देताना आत पाहुणा शिल्लक चालत नाही.”

“आणा, मी करतो सही.”

मामांनी रजिस्टर मिटलं आणि कानटोपी त्यावर ठेवली. “दुसऱ्याच्या नावापुढं तुमची सही कशी चालंल, साहेब?”