‘बारा सर्व्हरना अँसिबल कशाला?’

सिस्टिम अ‍ॅडमिनांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: दहा-बारा सर्व्हरसाठी अँसिबल, पपेट वगैरे (अनेक मशीनांच्या सेटिंग एका ठिकाणाहून लावणारी साधनं) म्हणजे मुंगी मारायला तोफ, एक शेल स्क्रिप्ट (फाइलमध्ये ओळीने लिहिलेल्या कमांड) पुरते. शिवाय ही साधनं उभी करायला वेगळा सर्व्हर आणि प्रत्येक मशीनवर एजंट, म्हणजे त्या साधनाचा छोटा प्रोग्रॅम, लागतो. एक चूक झाली की सगळी मशीनं एकदम झोपतात. आणि कंटेनर (अ‍ॅप त्याच्या सगळ्या सामानासकट बांधलेलं गाठोडं) आल्यावर हे सगळं जुनंच झालंय.

‘स्क्रिप्ट पुरते.’ मीही हेच म्हणायचो. आधीच्या नोकरीत बारा मशीनवर पासवर्डने लॉगिन बंद करायचं होतं. स्क्रिप्टने एसएसएचडीच्या (एसएसएचने दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) कॉन्फिग फाइलच्या तळाशी ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ ही ओळ चिकटवली. मध्येच नेट गेलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, सहा मशीनवर ओळ दोनदा पडली. तेही चाललं असतं. पण एसएसएचडी कुठल्याही सेटिंगची आधी सापडलेली किंमत धरतो, खालच्या ओळी त्याच्या लेखी नसतातच. तीन मशीनवर वरती कुणीतरी ‘येस’ लिहून ठेवलं होतं. स्क्रिप्ट ‘डन’ म्हणून मोकळी झाली आणि त्या तिघांचं दार आठवडाभर सताड उघडं.

अँसिबल घेतलं की शहाणपण आपोआप येतं असं नाही, हेही सांगतो. फाइलमधली एखादी ओळ बदलणारं त्याचं ‘लाइनइनफाइल’ मॉड्यूल जुळणाऱ्या ओळींपैकी शेवटची बदलतं, म्हणजे वरचं ‘येस’ तिथेच राहतं! म्हणून अशी फाइल तुकड्यातुकड्यांनी न शिवता टेम्प्लेटमधून, म्हणजे तयार ठेवलेल्या नमुन्यातून, अख्खी टाकायची आणि ‘व्हॅलिडेट’ ही तपासणी लावायची, म्हणजे चुकलेली फाइल जागेवर जातच नाही. प्लेबुक (अँसिबलला सांगायच्या कामांची फाइल) दुसऱ्यांदा चालवलं की ‘चेंज्ड’समोर, म्हणजे किती गोष्टी बदलल्या तिथे, शून्य दिसलं पाहिजे. शून्य नसेल, तर एकतर मशीनवर कुणीतरी हात मारलाय किंवा प्लेबुकच कच्चं आहे. स्क्रिप्टकडून ही बातमी मिळत नाही.

वेगळ्या सर्व्हरची आणि एजंटची गोष्ट पपेटच्या नेहमीच्या मांडणीला लागू आहे: एजंट, प्रमाणपत्रांवर सही, दर ३० मिनिटांनी सर्व्हरकडे विचारणा. अँसिबल २०१२ साली आलं तेच एजंटशिवाय. तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर ते, समोरच्या मशीनवर एसएसएच आणि पायथन, शिवाय मशीनांची नावं लिहिलेली एक इन्व्हेंटरी फाइल. पहिला ‘पिंग’ (मशीन उत्तर देतंय का, ही चाचणी) चहा निवायच्या आत होतो.

एका चुकीने सगळं झोपतं, ही भीती खरी आहे. स्क्रिप्टमधल्या, बारा मशीनवर एकामागून एक फिरणाऱ्या फॉर लूपची ती का वाटत नाही, ते मला कळलेलं नाही. अँसिबलमध्ये निदान चेक मोड (काही न बदलता रंगीत तालीम) आणि डिफ (जुन्या-नव्यातला फरक) एकत्र लावून काय बदलणार ते आधी वाचता येतं. ‘सीरियल’, म्हणजे एका वेळी किती मशीनं, १ ठेवा: पहिलं मशीन फसलं की गाडी तिथेच थांबते, बाकीची अकरा शाबूत.

कंटेनरचं म्हणाल, तर तो कुठल्यातरी मशीनवरच चालतो. त्या मशीनचे यूजर, घड्याळ, फायरवॉल, एसएसएच कोण बघणार? ज्यांचं सगळंच क्लाउडवाल्यांच्या मॅनेज्ड सेवांवर (मशीन तेच सांभाळतात) आहे, त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

बाकीच्यांनी मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या मशीनांवर रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) होऊन एसएसएचडी कॅपिटल टी लावून (sshd -T) चालवावा. कॉन्फिग फाइलनुसार प्रत्यक्षात लागू होणारी सेटिंग तो छापतो. बाराही ठिकाणी उत्तर एकच येतंय का, ते बघा.