दादांचं कोपर आणि पार्सलांची खोली

आत्ता सोसायटीची मीटिंग आटोपून वर आले. चहा टाकलाय, तो उकळून आटेल, आटू दे. डोकं तापलंय तोवरच लिहिते. नाहीतर संध्याकाळपर्यंत मी नेहमीसारखी "जाऊ दे" म्हणून मोकळी होईन.

विषय क्रमांक ६ : तळमजल्यावरील संग्रहालयाची खोली पार्सल ठेवण्यासाठी वापरणेबाबत.

वापरणेबाबत! जणू ती खोली आजवर रिकामीच पडली होती.

ज्यांनी आमची खोली बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लालबागची आमची चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि करारात 'सामाजिक उपयोगासाठी' म्हणून तळमजल्यावर एक खोली मिळाली. लिफ्टच्या मागे, मीटर रूमला लागून. चाळ रिकामी करताना पोटमाळ्यांवरून बरंच काही निघालं. नव्या घरात न्यायला जागा नव्हती आणि भंगारवाल्याला द्यायला कुणाचा हात होईना. मंडळाच्या चार-पाच रिटायर गिरणी कामगारांनी ते सगळं गोळा केलं आणि या खोलीत मांडलं. ते त्याला संग्रहालय म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. दारावरची पाटी त्यांच्यातल्याच एकाने रंगवली. आयुष्यभर गणपतीच्या देखाव्यांचे पडदे रंगवत आलेला माणूस, त्यामुळे पाटीच्या कडेला कारण नसताना दोन मोर आहेत.

आत मागावरचे धोटे आहेत, सुताच्या कांड्या आहेत, बदली कामगाराचा पास आहे. हे सगळं गिरणीवरच्या कुठल्याही प्रदर्शनात दिसेल. आमच्या खोलीची गंमत पुढे आहे. कामगार नाट्यस्पर्धेच्या ढाली, मुलामा उडालेल्या. भजनी मंडळाचे टाळ आणि चिपळ्या. बाल्या नाचात पायांत बांधायचे चाळ. एक डफ. रंगपटाची पत्र्याची पेटी, जिचं झाकण उघडलं की दाढीमिशा चिकटवायच्या डिंकाचा वास अजून नाकात जातो. परळच्या दामोदर हॉलच्या नाटकांच्या तिकिटांची अर्धुकं. एका खानावळवाल्या मावशींची वही, त्यात जेवणाऱ्या गाववाल्यांची नावं आणि नावापुढे खाड्यांच्या फुल्या. आणि भिंतीवर फोटो.

त्यातल्या एका फोटोत आमचे वडील, दादा, आहेत. म्हणजे दादांचं कोपर आहे.

स्टेजवर तीन नट उभे, तिघंही एका रिकाम्या खुर्चीकडे बघताहेत. डावीकडे अगदी कडेला, विंगेच्या कापडाबाहेर अर्ध्या बाहीच्या शर्टातलं एक कोपर आणि वहीचं टोक. खाली बॉलपेनने लिहिलेलं कार्ड : 'डावीकडे विंगेत प्रॉम्प्टर', आणि पुढे दादांचं पूर्ण नाव, गाव आणि खातं. साचेखातं, म्हणजे कापड विणायचं खातं.

साचेखात्यात काम केलेला माणूस ज्यांच्या घरात होता त्यांना आता हसू आलं असेल. शेकडो साचे एकदम चालायचे तेव्हा शेजारच्याचं बोलणं कानाने ऐकू येत नसे, ओठांवरून वाचावं लागे. दहाएक वर्षांत कान गेलेच म्हणून समजा. दादा घरातसुद्धा ओरडून बोलायचे. आई म्हणायची, "अहो, मी काय साच्यापलीकडे उभी आहे का?" आणि हा माणूस गिरणीच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर! दादांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जायची. प्रेक्षकांना प्रत्येक अडलेलं वाक्य दोनदा ऐकायला मिळायचं, एकदा विंगेतून आणि एकदा नटाच्या तोंडून. एकदा दामोदरला नायक ठार अडकला, दादांनी वाक्य दिलं, त्याला कळेना. दादांनी पुन्हा दिलं. तेव्हा पिटातून एक जण ओरडला, "अरे बोल की रे, दोनदा सांगितलं ना त्यांनी!"

तरीही त्यांना कुणी कधी बदललं नाही. अख्खी नाटकं त्यांना पाठ होती, तालमीला त्यांचा खाडा नसे आणि आयुष्यात कधी त्यांनी भूमिका मागितली नाही.

तर आज मीटिंगमध्ये एक जण उठला आणि मला म्हणाला, "आत्या, तुमच्या भावना कळतात. पण त्या फोटोंत फेमस असं कोण आहे?"

बाहेरचा असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण हा आमच्याच चाळीतला. गॅलरीत रांगायचा तेव्हा त्याला जिन्यापासून ओढून आणायचं काम माझ्याकडे होतं. आणि त्या खोलीत खिळ्याला टांगलेला डफ कुणाचा? त्याच्याच आजोबांचा!

फेमस पाहिजेत? होते की. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माणसं भाषणांइतकीच शाहिरी ऐकायला यायची. आज त्यांच्या नावाने रस्ते आहेत, चौक आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. पण शाहीर पुढे एकटा उभा राहून पोवाडा होत नाही. मागे झील धरणारे लागतात. 'जी जी रं जी' म्हणणारे. आमच्या चाळीच्या दर मजल्यावर एकेक झीलकरी होता. दुसरी पाळी रात्री बाराला सुटली की हे लोक घरी येऊन दोन घास खायचे आणि गच्चीवर तालमीला बसायचे. त्याचे आजोबा त्यातलेच. त्यांना कुणी फेमस म्हटलं असतं तर त्यांनीच मागे वळून बघितलं असतं, कोण आलंय म्हणून.

आणि मीटिंग कधी? रविवारी, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी. ही रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना १८९० साली मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे काही वर्षं भांडले तेव्हा. त्याच सुट्टीच्या दिवशी आरामात बसून गिरणी कामगारांची खोली काढून घ्यायचा ठराव! (हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. मीटिंगमध्ये सुचलं असतं तर काय मजा आली असती. तिथे मी फक्त "हे बरोबर नाही, हे बरोबर नाही" एवढंच म्हणत राहिले.)

जागेचं तर बोलूच नका. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली ठरलं की वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे, बांधकामाखालची धरायची नाही. झालं, वाटा आक्रसला. ज्या गिरण्यांत आमची माणसं बहिरी झाली तिथे आता मॉल आहेत. एखादी चिमणी शोभेला ठेवलेली असते, तिच्याखाली सेल्फी. सगळं देऊन झाल्यावर उरली लिफ्टमागची एक खोली. तीही द्या.

एका काकांनी तोडगा काढला. "काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात पालिका वस्त्रोद्योग संग्रहालय करतेय ना, तिकडे देऊन टाकू सगळं. सरकारी आहे, नीट ठेवतील." काका सज्जन आहेत, वाईट हेतू नाही. ते संग्रहालय व्हावं, पहिल्या दिवशी तिकीट काढून मी आत जाईन. पण तिथे यंत्रं लागतील, नकाशे लागतील, पुढाऱ्यांचे फोटो लागतील. दादांच्या कोपराचं तिथे काय करतील? राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय मला लहानपणापासून आवडतं, १८७२ पासून उभं आहे. तिथल्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतल्या नाना जातींचे, नाना धंद्यांचे लोक. सुंदर आहेत. पण त्या बाहुलीचं नाव काय, गाव काय, ते कुठे लिहिलेलं नाही. आमच्या खोलीत एका कोपराला नाव आहे, गाव आहे, खातं आहे.

आणि आमच्याबद्दल कुणी काही दाखवायचं म्हटलं की सुरुवात कुठून? १८ जानेवारी १९८२, गिरणी संप सुरू झाला तो दिवस. अडीच लाख कामगार, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, उपासमार, पोरं वाया गेली. सगळं खरं आहे. मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला कुणी सांगायला नको. पण त्या तारखेच्या आधीसुद्धा आम्ही होतो ना? नाटकं बसवत होतो, जाखडी नाचत होतो, डबलबारीला रात्र रात्र जागत होतो. दामोदर १९२२ सालचं. शंभर वर्षं कोकणातल्या माणसांनी तिथे दशावतारापासून फार्सापर्यंत सगळं केलं. २०२३ च्या नोव्हेंबरात तेही पुनर्विकासासाठी बंद झालं. आमच्या दुःखाला गिऱ्हाईक आहे. आमच्या हौसेला नाही.

थांबा, चहा आटला. गॅस बंद करून आले.

आता जरा शांत झालेय, तर दुसरी बाजूही सांगून टाकते, नाहीतर खाली कमेंटमध्ये तुम्ही सांगालच. पार्सलांचा त्रास खरा आहे. वॉचमनच्या टेबलाखाली ढीग लागतो, दोनदा औषधं हरवली. आज मीटिंगच्या वेळी त्या ढिगात कुकरच्या नव्या रिंगचं एक पार्सल होतं, ते माझंच. खोलीत रविवारी फार तर पाच माणसं येतात, त्यातली दोन पंख्याखाली बसायला. खानावळीच्या वहीला कसर लागलीय. आणि मी? गेल्या वर्षभरात मी तिथे दोनदा गेले, त्यातलं एकदा खुर्ची आणायला. दादांची प्रॉम्प्टिंगची वही चाळ रिकामी होईपर्यंत माझ्या पोटमाळ्यावर बोहारणीला द्यायच्या कपड्यांत पडली होती. त्या रिटायर काकांनी विचारलं नसतं तर ती कपड्यांबरोबर गेली असती.

आणि गिरणगाव म्हणजे सगळं गोडगोड होतं असंही नाही. ते त्या खोलीतच लिहिलंय. धोट्यात सूत ओवताना तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. म्हणून साचेखात्यात दलितांना येऊ देत नसत, उष्ट्याचा विटाळ नको म्हणून. पगार मात्र साचेखात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला होता. धोट्याखाली आमच्या एका काकांनी हे सगळं कार्डावर लिहिलंय आणि शेवटी लिहिलंय, 'माझे वडील त्रासन खात्यात होते, ते याचमुळे.' (त्रासन म्हणजे सूत कातायचं खातं.) दोन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं की हे कार्ड काढा, उगाच जुने वाद कशाला. काका म्हणाले, "मग धोटाही काढा." धोटा आहे, कार्डही आहे. दादा त्याच साचेखात्यातले होते. दादांनी कधी या विषयावर तोंड उघडल्याचं मला आठवत नाही, इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस असून. मोठ्या संग्रहालयात असं कार्ड लावायचं म्हटलं तर आधी समिती बसवतील. आमच्याकडे बॉलपेन पुरलं.

आता त्या रिकाम्या खुर्चीचं सांगते. मीटिंगमध्ये सांगायचं होतं, आवाज फुटला नाही.

तो फोटो स्पर्धेतला नाही. तो १९८२ च्या गणपतीतला आहे, चाळीच्या चौकातला. गिरणी बंद, त्यामुळे गिरणीच्या नावावर स्पर्धेत उतरायची सोय नाही. मंडळाने ठरवलं, नाटक चौकातच करायचं. सावकाराचं एक जुनं सामाजिक नाटक होतं, सात पात्रांचं. पण संप आठवा महिना चालू होता आणि सातातले तीन जण बायकापोरांसकट गावी गेले होते. पाठवायला पैसे नव्हते, परत यायलाही नव्हते. सावकार करणारा त्यातलाच. आमच्याकडे त्या महिन्यात सकाळी भात आणि रात्री पेज होती. आईची पितळेची घागर आणि दोन पातेली मारवाड्याकडे गेली होती. पण दादांनी वही काढली आणि सांगितलं, तिघांचं मी वाचतो.

स्टेजवर खुर्ची ठेवली. चार नट आळीपाळीने यायचे, त्या रिकाम्या खुर्चीशी भांडायचे, तिच्या पाया पडायचे. आणि खुर्चीचं उत्तर विंगेतून यायचं, दादांच्या त्या बहिऱ्या, ओरडणाऱ्या आवाजात. सावकार तेच, तलाठी तेच, म्हातारी आजीही तेच. आजीसाठीसुद्धा त्यांनी आवाज बदलला नाही. बदलता येतच नव्हता. मी पुढेच चटईवर बसले होते आणि मला भीती वाटत होती की आता लोक हसणार. कुणी हसलं नाही. दोन तास कुणी हसलं नाही. मध्ये एकदा गॅलरीतून बायकांच्या रडण्याचा आवाज आला, तो नाटकासाठी होता की गावी गेलेल्यांसाठी, मला तेव्हा कळलं नाही.

झील धरायला खाली डफ घेऊन कोण बसलं होतं, ते आज फेमस विचारणाऱ्याला मी खाली जाऊन सांगणार आहे. मीटिंगनंतर तो वॉचमनच्या टेबलाशी उकिडवा बसून पार्सलं लावत होता, एकेकाच्या नावाने हाका मारत होता. खरं तर हे काम त्याचं नाही, पण कुणीच करत नाही म्हणून रोज तोच करतो. माझी कुकरची रिंग त्यानेच हातात दिली आणि म्हणाला, "आत्या, रागावलीस?" मी काहीच बोलले नाही. वाईट वागले.

विषय ६ पुढच्या मीटिंगवर ढकललाय. ज्या काकांकडे खोलीची चावी असायची त्यांना जिना-लिफ्ट जमत नाही आता, म्हणून चावी आजपासून मी मागून घेतलीय. रविवारी सकाळी ११ ते १ खोली उघडी ठेवीन. कुणाच्या घरी खानावळीच्या वहीसाठी कसरीवरचा काही उपाय असेल तर घेऊन या, कडुलिंबाचा पाला करून झालाय. इतर दिवशी यायचं असेल तर वर येऊन बेल वाजवा. जरा जोरात आणि दोनदा वाजवा, हल्ली मलाही कमी ऐकू येतं.